विवाहासाठी तरुण मुलाची तयारी : कोणते गुण हवेत आणि ते आधी ओळखायचे कसे?

छावणीकर
(सोमवार, रात्री ९:१०)

सर्वांना नमस्कार. पुढच्या शनिवारी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघासमोर मला बोलायचे आहे. विषय पाळकसाहेबांनीच ठरवून दिला आहे : विवाहासाठी ख्रिस्ती तरुणाची तयारी. मुलींना अशा गोष्टी सांगण्याची पद्धत आमच्याकडे माझ्या लहानपणापासून आहे. सासरी कसे वागावे, काटकसर कशी करावी, आल्यागेल्याचे कसे करावे, हे स्त्रियांच्या सभेत त्यांना इतक्या वेळा सांगून झाले आहे की आता त्याच आम्हांला पाठ म्हणून दाखवतील. मुलांना मात्र 'आधी नोकरीचे बघा' यापलीकडे कोणी काही सांगितल्याचे मला आठवत नाही. मलाही माझ्या लग्नाआधी तेवढेच सांगण्यात आले होते.

आम्ही इंदूरचे, पण मूळचे नगरकडचे. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केले आणि १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज काढले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझे आजोबा मिशनच्या एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. आमची उपासना हिंदीत होते, घरची प्रार्थना मराठीत, आणि मुले आपसांत दोन्हींची खिचडी बोलतात. त्यामुळे भाषण हिंदीत करायचे असले तरी विचार मराठीतच करतो आहे, म्हणून येथे विचारतो.

मी बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील आत्म्याचे फळ घेऊन बसलो : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. प्रत्येकावर पाच मिनिटे, म्हणजे पाऊण तास सहज निघतो. कागद आमच्या सौ.ना वाचायला दिला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी केली आणि विचारले, "एकतीस वर्षांपूर्वी हा पेपर तुम्हांला दिला असता, तर किती गुण मिळाले असते?" मी अजून उत्तर दिलेले नाही.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. प्रत्यक्ष संसारात कोणता गुण उपयोगी पडला? आणि तो लग्नाआधी त्या मुलाला स्वतःला, किंवा मुलीच्या घरच्यांना, कसा दिसू शकतो?

उपमा_नको_पोहे
(सोमवार, रात्री ९:२५)

काका, आपले भाषण तयार आहे. कागद घरी ठेवा आणि काकूंना घेऊन जा.

वचनवाचक
(सोमवार, रात्री १०:४०)

छावणीकर, आपण निवडलेला अध्याय योग्य आहे, पण एक दुरुस्ती करतो. पत्र लिहिणाऱ्या पौलाने तेथे 'फळ' हा शब्द एकवचनी वापरला आहे. ही नऊ फळांची टोपली नव्हे, की त्यातून आवडते ते उचलावे आणि इंद्रियदमन तसेच ठेवून द्यावे. ज्याच्यात आत्मा काम करतो त्याच्यात ही सगळी एकत्र, कमीअधिक का होईना, वाढताना दिसतात.

माझ्या मते पहिली पात्रता तरुणाचे देवाशी असलेले नाते ही होय. जो स्वतः प्रार्थना करीत नाही तो घराची प्रार्थना काय चालवणार? इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पती हा पत्नीचे मस्तक आहे असे स्पष्ट सांगितले आहे. पुढे चालण्याची ही जबाबदारी आजची मुले घेत नाहीत, आणि मग घर दिशाहीन होते. दुसरे म्हणजे, विश्वासात नसलेल्या व्यक्तीबरोबर विजोड जोडी करू नये, हेही भाषणात ठामपणे सांगावे. हल्ली हा मुद्दा संकोचाने गाळला जातो.

मीठभाकर
(मंगळवार, सकाळी ७:५०)

रात्रपाळीवरून निवृत्त झाले तरी झोप पहाटेच उडते, म्हणून सविस्तर लिहिते. मी चौतीस वर्षे परिचारिका होते. लग्नाला येत्या डिसेंबरात छत्तीस वर्षे होतील.

माझे वडील रेल्वेत होते, महूला. आमच्याकडे बोलणी करायला मुलाकडची मंडळी खंडव्याहून येणार होती. तेव्हा त्या मार्गावर मीटरगेज गाडी होती. अकराला येणारी मंडळी दुपारी तीनला आली. आल्याआल्या मुलाच्या मामांनी खुर्चीत बसत म्हटले, "काय सांगायचे, गाडीच लेट झाली." माझे वडील काही बोलले नाहीत, पण ते त्याच दिवशी सकाळी स्टेशनवर होते आणि गाडी वेळेवर आल्याचे त्यांना ठाऊक होते. घरात आम्हांलाही ठाऊक होते. कोणीतरी पाण्याचा ट्रे आणला. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "गाडी लेट नव्हती. मी झोपून राहिलो, त्यामुळे सकाळची गाडी चुकली. आम्ही पुढच्या गाडीने आलो." मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

त्या संध्याकाळी वडिलांनी आईला सांगितले की पगार कमी आहे, उंची कमी आहे, पण ही सोयरीक करायची. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटले नाही. खरे सांगायचे तर झोपून राहणारा नवरा मिळणार याचेच थोडे वाईट वाटले. (तो आजही झोपून राहतो.)

आता वचनवाचक यांच्याविषयी आदर ठेवून लिहिते. माझे यजमान प्रार्थनेत फार बोलत नाहीत. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली तर दोन वाक्यांत आमेन म्हणतात. त्यांच्यात सौम्यता नव्हती. पहिल्या वर्षी एकदा ताटावरून उठून गेले होते. पण परत आले आणि चूक माझी होती असे म्हणाले, आणि पुढे 'पण तूही' असे जोडले नाही. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा असे इफिसकरांस पत्रात आहे. माझी रात्रपाळी असे तेव्हा ही मुदत आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापर्यंत वाढवून घेतली होती, आणि ती सहसा पाळली गेली.

मला विचाराल तर चूक बिनशर्त कबूल करणारा मुलगा शोधावा. राग येतो की नाही हे विचारून काही कळत नाही. सगळेच नाही म्हणतात. राग आल्यानंतर तो काय करतो, हे त्याच्या धाकट्या भावाबहिणींना विचारावे. धाकटी भावंडे खोटे बोलत नाहीत, विशेषतः त्यांना काही खायला दिले तर.

उपमा_नको_पोहे
(मंगळवार, सकाळी ८:०५)

ताई, मामांचे पुढे काय झाले?

मीठभाकर
(मंगळवार, सकाळी ८:३०)

लग्नात सर्वांत जास्त तेच नाचले.

पीथमपूर_शिफ्ट
(मंगळवार, रात्री ११:५५)

मी या धाग्यातला बहुधा एकटाच अविवाहित सदस्य असेन. वय सत्तावीस, पीथमपूरच्या एका कारखान्यात तीन वर्षे कंत्राटी नोकरी. आपण सर्व चारित्र्याविषयी लिहीत आहात, ते वाचून बरे वाटते. पण आतापर्यंत माझ्यासाठी जी तीन स्थळे आली, त्यांपैकी एकाही घरी मला चारित्र्याविषयी काही विचारले नाही. पर्मनंट कधी होणार, घर स्वतःचे की भाड्याचे, आणि धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे का, हे तीन प्रश्न तिन्ही ठिकाणी जवळजवळ याच क्रमाने आले.

मी त्यांना दोष देत नाही. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातच आहे. पण मग कंत्राटी कामगाराने काय करावे? पर्मनंट होईपर्यंत थांबावे, की ज्यात आहे त्यात सुरुवात करावी? बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात असा नियम आहे की नवविवाहित पुरुषाला वर्षभर युद्धावर पाठवू नये. त्याने घरी राहून बायकोला आनंदित करावे. आमच्या सुपरवायझरला हे वचन दाखवण्याची इच्छा आहे. तेथे चार दिवसांची रजासुद्धा मार्चएंडच्या आधी मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तरुण संघात बोलता येत नाही म्हणून येथे लिहितो. शिफ्टवरून रात्री दोनला खोलीवर येतो तेव्हा हातात मोबाइल असतो आणि कोणी पाहत नसते. इंद्रियदमनावरची पाच मिनिटे छावणीकर काकांनी 'वाईट सवयी टाळा' एवढ्यावर संपवू नयेत. सभागृहातील अर्ध्या मुलांना त्या शब्दांचा नेमका अर्थ ठाऊक असतो आणि बोलणाऱ्यालाही असतो, तरी कोणी नाव घेत नाही. लग्न झाले की हे आपोआप सुटते असे माझ्या एका विवाहित मित्राला वाटले होते. सुटले नाही.

छावणीकर
(बुधवार, सकाळी ६:४०)

पीथमपूर, आपली शेवटची चार-पाच वाक्ये मी तीनदा वाचली. नाव घेईन. कसे घ्यायचे ते अजून सुचलेले नाही, पण घेईन.

काळा_कोट
(बुधवार, दुपारी १:१५)

कोर्टातील जेवणाच्या सुट्टीत लिहीत आहे, त्यामुळे भाषा थोडी रुक्ष होईल.

वचनवाचक यांनी 'मस्तक' या शब्दाचा उल्लेख केला. तो शब्द आपल्या समाजातील पुरुषांनी कसा वाचला याचा एक पुरावा कायद्याच्या पुस्तकात आहे. आपल्या विवाहाचा कायदा १८७२ चा आणि घटस्फोटाचा १८६९ चा. या घटस्फोटाच्या कायद्यानुसार पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला तर पतीला तेवढ्यावर घटस्फोट मागता येत असे. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार पुरेसा नव्हता, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीने गेला. म्हणजे १३२ वर्षे आपल्या उपासनामंदिरांत दर लग्नात एकच शपथ दोघांकडून घेतली गेली, आणि ती मोडल्याचे माप मात्र दोघांना वेगळे लावले गेले. परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोयही आपल्याला त्याच दुरुस्तीने मिळाली, आणि कायद्यातील शब्दांनुसार त्यासाठी दोन वर्षे वेगळे राहिलेले असावे लागते.

मी घटस्फोटाचा प्रचार करीत नाही. माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती जोडप्यांच्या फाइलींत एक गोष्ट वारंवार दिसते, ती सांगते. नवरा दारुडा किंवा बाहेरख्याली असतोच असे नाही. बरेच जण मंडळीत चांगल्या नावाचे असतात, उत्पन्नाचा दशांश देतात, नाताळाच्या नाटकात भाग घेतात. तक्रार असते ती ही की घरात त्यांना 'नाही' ऐकून घ्यायची सवय नाही. पगार कुठे जातो हे विचारले तर अधिकाराचा प्रश्न होतो. मुलाच्या शाळेविषयी बायकोने वेगळे मत दिले तर वचन काढले जाते. अशा वेळी मी पक्षकाराला विचारते, इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचे एकविसावे वचन आपण कधी वाचले आहे का? बहुतेकांची पाठांतराची सुरुवात बाविसाव्यापासून असते.

हुंड्याचेही सांगून टाकते. १९६१ चा कायदा सर्वांना लागू आहे. आपल्याकडे 'आम्ही हुंडा घेत नाही' असे अभिमानाने सांगतात आणि फ्लॅटच्या डाउनपेमेंटची गोष्ट निराळ्या खोलीत बसून करतात. जो मुलगा त्या खोलीत जाऊन 'हे नको' म्हणू शकतो, त्याची तयारी झाली असे मी समजेन.

वचनवाचक
(बुधवार, रात्री ९:३०)

वकीलताई, अधिकाराचा गैरवापर होतो म्हणून वचनच बदलायचे काय? मस्तकपण म्हणजे हुकूमशाही असे मी कोठेही म्हटलेले नाही. पंचविसाव्या वचनात पतीने ख्रिस्तासारखे स्वतःला अर्पण करावे असेच सांगितले आहे.

नगरी_घंटा
(बुधवार, रात्री १०:५०)

वादात एक जुना शिक्षक म्हणून थोडी भर घालतो. ग्रीक भाषेतील काही अतिप्राचीन हस्तलिखितांत, पत्नींना उद्देशून असलेल्या त्या बाविसाव्या वचनात क्रियापदच नाही. 'अधीन असा' हा अर्थ तेथे एकविसाव्या वचनातून घ्यावा लागतो, आणि एकविसाव्यात तर 'एकमेकांच्या' असे म्हटले आहे. म्हणून जो बाविसाव्यापासून पाठ करतो तो वाक्याच्या मधूनच सुरुवात करतो. शिवाय पत्नींना सांगायचे ते तीन वचनांत सांगून झाले आहे. पतींना मात्र पौलाने पुढे बराच वेळ समोर बसवून ठेवले आहे. ज्याला जास्त समजवावे लागते त्याला जास्त वेळ, हा वर्गातला अनुभव आहे.

लग्नात सगळीकडे करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा तेरावा अध्याय वाचतात. तो लग्नासाठी लिहिलेला नाही. कृपादानांवरून (आत्म्याने दिलेल्या देणग्यांवरून) भांडणाऱ्या मंडळीसाठी लिहिलेला आहे, आणि म्हणूनच घराला इतका लागू पडतो. लग्नाविषयीचा अध्याय सातवा. त्यात पतीच्या शरीरावर पत्नीचाही तितकाच अधिकार आहे असे सरळ म्हटले आहे, पहिल्या शतकात. तो मात्र लग्नात वाचलेला मी कधी ऐकला नाही.

आता आपल्या मराठी मंडळींचे उदाहरण. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. त्यानंतर काही वर्षे दोघे वेगळी राहिली. टिळकांचा राग आणि त्यांच्या हातात पैसा न टिकणे, यांपैकी काहीच लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत लपवून ठेवलेले नाही. छावणीकरांच्या कागदावर टिळकांना सहनशीलतेचे आणि सौम्यतेचे किती गुण मिळाले असते, मला शंका आहे. पण एक गोष्ट त्यांनी केली : पत्नीने आपल्या मागोमाग धर्म बदललाच पाहिजे अशी सक्ती केली नाही. त्या नगरला आल्या त्या आपल्या मनाने, आणि बाप्तिस्मा घेतला तो आपली खात्री पटल्यावर. मला हा मोठा गुण वाटतो, कारण टिळकांसारख्या उतावळ्या माणसाला थांबणे किती जड गेले असेल याची कल्पना येते.

एक_आई
(गुरुवार, सकाळी १०:२०)

नगरी घंटा सर, टिळकांचे मोठेपण मान्य करूनही विचारते : न सांगता गेले, ते कोणत्या गुणात मांडायचे? मागे राहिलेल्या बाईने जे सोसले ते सगळे 'त्यांनी सक्ती केली नाही' या एका वाक्यात झाकले जाते असे मला वाटते. आजही आमच्याकडे नवरे नोकरी सोडतात, कर्ज काढतात, भावाला जामीन राहतात, आणि घरी नंतर कळते.

नगरी_घंटा
(गुरुवार, सकाळी ११:०५)

आपला आक्षेप योग्य आहे. मी थांबण्याचे कौतुक केले, जाण्याचे नाही. पण दोन्ही एकाच माणसाने केले, हे मात्र शनिवारी मुलांना सांगावे असे वाटते.

राजवाडा_१९७२
(गुरुवार, दुपारी ४:००)

मी ख्रिस्ती नाही. देशस्थ, तीन पिढ्या इंदुरात. धागा आवडला म्हणून डोकावलो. खरे बोलणे, चूक कबूल करणे, पैशाचा हिशेब, बायकोला विचारणे, हे सगळे माझ्या वडिलांनीही मला सांगितले होते (त्यांनी स्वतः किती पाळले हा वेगळा विषय). यात विशेष ख्रिस्ती असे काय आहे, हे समजून घ्यायला आवडेल. टोमणा नाही, कुतूहल आहे.

जुना_पलासिया
(गुरुवार, रात्री ८:४५)

राजवाडा साहेब, मी कॅथलिक आहे, तेव्हा माझे उत्तर थोडे आमच्या बाजूचे असेल. गुण सगळीकडे तेच, असे मलाही वाटते. फरक शपथेत आहे. आमच्याकडे विवाह हा संस्कार आहे आणि तो वधूवर एकमेकांना देतात. धर्मगुरू साक्षी असतो. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, ही शपथ मंडळीसमोर मोठ्याने उच्चारावी लागते. आपण आयुष्यभर निभावू असे ज्याला वाटत नाही त्याने ती म्हणूच नये, यासाठी आधी पूर्वतयारीचा वर्ग असतो, रविवारी मिस्साच्या वेळी नावे जाहीर होतात, आणि दोघांना वेगवेगळे बसवून विचारले जाते की हे लग्न आपल्या खुशीने करता आहात ना.

आमच्या त्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. फादरांनी आम्हां सहा मुलांना कागद देऊन आपापल्या घरचा महिन्याचा खर्च लिहायला सांगितला : किराणा, दूध, वीज, गॅस. सहांपैकी चौघांना गॅस सिलिंडरची किंमत माहीत नव्हती, त्यांत मीही होतो. फादर काही बोलले नाहीत. कागद गोळा करून त्यांनी ते आमच्या होणाऱ्या बायकांना वाचायला दिले. तेवढी पाच मिनिटे मला संपूर्ण वर्गापेक्षा जास्त आठवतात.

राजवाडा_१९७२
(गुरुवार, रात्री ९:१०)

मला आज विचारले तरी सिलिंडरची किंमत सांगता येणार नाही. समजले.

एक_आई
(शुक्रवार, सकाळी ९:४०)

छावणीकर काकांचा दुसरा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून त्यावर लिहिते. मला दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात 'पुरुष आपल्या आईबापांस सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील' असे आहे. हे वचन आपल्या प्रत्येक लग्नात वाचले जाते आणि त्यानंतर लगेच मुलगी आपल्या आईबापांना सोडून रडत गाडीत बसते. वाचलेले आणि झालेले यांत किती अंतर आहे हे मला स्वतःच्या लग्नात जाणवले नाही. मुलगे मोठे होऊ लागले तेव्हा जाणवले, कारण आता सोडायचे ते मला.

सोडणे म्हणजे वेगळे घर करणे असे मी समजत नाही. आमच्या तीन खोल्यांत ते परवडणारही नाही. पण मुलाने माझ्याकडे येऊन बायकोची तक्रार करायची नाही, आणि माझी तक्रार तिच्याकडे न्यायची नाही, एवढे तरी सोडता आले पाहिजे. त्यासाठी आधी आईने त्याला हातात पाण्याचा ग्लास देणे बंद केले पाहिजे. माझ्या थोरल्याने वयाच्या बाविसाव्या वर्षी मला विचारले, "आई, झाडू कुठे असतो?" झाडू गेली पंधरा वर्षे एकाच दारामागे आहे. हा दोष त्याचा नाही, माझा आहे, हे लिहिताना मला जड जाते आहे.

मीठभाकर
(शुक्रवार, सकाळी १०:१५)

आई, फार मनापासून लिहिलेत. फक्त मुलींच्या बाजूने एक जोडते : सासूला सोडणाराही नको. बायबलमधील रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाजाने विधवा रूथला परत पाठवताना सहा मापे जव दिले आणि सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस असे सांगितले. लग्नाचे अजून ठरलेही नव्हते. त्याआधी शेतात त्याने गड्यांना ताकीद दिली होती की त्या मुलीला कोणी त्रास द्यायचा नाही, आणि पुढे सगळा व्यवहार वेशीपाशी दहा वडिलांना बसवून उघड केला. तो घरी कसा होता हे ग्रंथात नाही. शेतात, म्हणजे कामावर, कसा होता हे आहे. मुलगा ओळखायचा तर तो जेथे मालक असतो तेथे पाहावा.

पीथमपूर_शिफ्ट
(शुक्रवार, दुपारी ३:३०)

माझ्या हाताखाली दोन हेल्पर आहेत. आता त्यांना कोणी विचारायला आले तर ते काय सांगतील, या विचारात दुपार गेली.

वचनवाचक
(शुक्रवार, रात्री ११:४५)

मी या धाग्यात सुरुवातीला जरा ठामपणे बोललो आणि मला जे म्हणायचे होते ते अजूनही खरे वाटते. पण एक उदाहरण कोणी दिले नाही, ते देतो, आणि ते देताना थोडे स्वतःविषयीही लिहावे लागेल.

मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मरियेशी मागणी झालेल्या योसेफाविषयी एकच विशेषण आहे : नीतिमान. मरिया गरोदर असल्याचे त्याला कळले तेव्हा तिची उघड बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती, म्हणून त्याने गुप्तपणे सोडून देण्याचे मनात आणले. हे त्याने ठरवले ते स्वप्नात देवदूत येण्यापूर्वी. म्हणजे आपण फसवलो गेलो असे वाटत असताना, हक्क आपल्या बाजूने असताना, त्याने तिची अब्रू राखायचे ठरवले. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी माझा साखरपुडा झाला होता आणि तो मुलीकडून मोडला गेला. कारण मला सांगितले गेले ते मला पटण्यासारखे नव्हते. मी गप्प बसलो नाही. मंडळीत, नातेवाइकांत, प्रार्थनासभेत 'माझ्यासाठी प्रार्थना करा' या निमित्ताने, मी ते सगळीकडे सांगितले आणि प्रत्येक वेळी थोडे वाढवून सांगितले. तिचे लग्न नंतर चार वर्षे ठरत नव्हते. त्याला मीच कारण होतो असे मला कोणी म्हटले नाही, आणि मी कोणाला विचारलेही नाही. त्या काळात मी रोज पहाटे पाचला उठून वचन वाचत होतो.

उपमा_नको_पोहे
(शनिवार, सकाळी ६:२०)

वचनवाचक काका, गेले पाच दिवस मी आपल्या उत्तराची खोडी काढायची वाट पाहत होतो. आज काढत नाही.

काळा_कोट
(शनिवार, सकाळी ८:००)

वचनवाचक, आपण लिहिलेत ते सोपे नव्हते. एकविसाव्या वचनाचा माझा टोला थोडा जास्त झाला असेल तर तोही येथेच मागे घेते. वचन मागे घेत नाही.

छावणीकर
(पुढचा रविवार, दुपारी २:३०)

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. काल सभा झाली. एकोणीस मुले होती. कागद नेला होता, पण उघडला नाही. सौ. बरोबर आल्या होत्या आणि मागच्या बाकावर बसणार होत्या. मुलांनी त्यांना पुढे बसवले.

सुरुवातीला मी खंडव्याच्या गाडीची गोष्ट सांगितली (मीठभाकर ताई, नाव न घेता). मुले खूप हसली आणि मग मामा कोण याचा शोध घेऊ लागली. त्यानंतर गॅस सिलिंडरची किंमत विचारली. एकोणीसपैकी सात जणांना आली, म्हणजे आमची मुले कॅथलिकांपेक्षा थोडी पुढे आहेत किंवा हल्ली सिलिंडर मोबाइलवरून मागवतात, दोन्हींपैकी काहीतरी. योसेफाचे उदाहरण दिले तेव्हा मात्र शांतता झाली.

रात्रीच्या मोबाइलचे नाव मी घेतले. आवाज थोडा कापला. माझ्या पिढीत तो मोबाइल नव्हता, तर पिवळ्या कव्हरची पुस्तके होती, एवढेही सांगितले. सौ.समोर सांगितले. त्यानंतर पाळकसाहेबांनी ज्याला बोलायचे असेल त्याने एकट्याने घरी यावे असे सांगितले. आज सकाळच्या उपासनेनंतर दोन मुले त्यांच्याशी बोलत उभी होती. विषय मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही.

शेवटी चिठ्ठ्यांवर प्रश्न घेतले. बहुतेक नोकरी आणि घराविषयी होते, पीथमपूर यांनी सांगितले होते तसेच. कंत्राटी नोकरीत लग्न करावे का, यावर मला नीट उत्तर देता आले नाही. सौ. म्हणाल्या की आमचे लग्न झाले तेव्हा यांचा पगार तीन महिने थकलेला होता आणि यांनी तो आकडा माझ्या वडिलांना बोलणीच्या दिवशीच सांगितला होता. कमी पगार चालला, तो लपवला असता तर चालला नसता. मला ही गोष्ट आठवतही नव्हती. घरी येताना मी विचारले की मग त्या पेपरात एवढा एक गुण तरी मिळाला का. त्या म्हणाल्या, "विचार चालू आहे."

पुढच्या महिन्यात दुसरी सभा आहे. त्यात सौ. बोलणार आहेत आणि मी मागच्या बाकावर. नाश्ता मुलांनीच करायचा असे ठरले आहे. वीस-बावीस जणांसाठी पोहे किती लागतील, कोणी सांगेल का?

मीठभाकर
(रविवार, दुपारी ३:१०)

दीड किलो पुरतील. जाड पोहे घ्या. भिजत घालू नका, धुऊन चाळणीत निथळू द्या, नाहीतर लगदा होईल. शेव आणि जिरावण वरून.

उपमा_नको_पोहे
(रविवार, दुपारी ३:१२)

मी येतो. कांदे मी चिरीन.